जर्मनचे सर

आमच्या परभणीकडं अल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. का म्हणतात ते मला विचारू नका. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, भांड्यांच्या कुळकथा नाही. खिल्लारे सरांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, पण मग तुमचा चहाही गार झाला असता आणि गाडीही सुटली असती. माणूस या धातूपायी वेडा होता. आता लग्नाच्या पंगतीत वाढायला आलेलं वरणाचं पातेलं अडवून, त्याच्या कडेला नखानं टिचकी मारून, कान लावून ऐकणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं? वाढपी ताटकळलेला, पुढची पंगत भाताकडं बघत बसलेली, आणि हे म्हणायचे, "हं. निव्वळ मऊ हाय. ह्यात काईच मिसळलेलं न्हाई."

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी परभणीच्या एका कॉलेजात नुकतीच लागले होते. आमची केमिस्ट्रीची लॅब आणि शेजारची फिजिक्सची लॅब यांच्यामध्ये एक दार होतं आणि त्या दाराला कडी नव्हती. त्यामुळे खिल्लारे सर मला आयतेच लाभले. "बाई, जरा नायट्रिक ॲसिड हाय का?" हे त्यांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. त्यानंतर जवळजवळ रोज हेच वाक्य. माझ्याकडचं निम्मं नायट्रिक पोरांच्या प्रयोगाला जायचं आणि निम्मं खिल्लारे सरांना.

उंच, हडकुळी मूर्ती. पांढरा बुशशर्ट, खिशात भिंग, आणि दोन्ही हातांची बोटं कायम पिवळी. नायट्रिकचा डाग कातडीवर पडला की तो धुतल्यानं जात नाही, कातडी निघेल तेव्हाच जातो. सरांची आई, गयाबाई, एकदा पिंगळीहून कॉलेजात आली होती. तिनं लेकाचे हात माझ्यापुढं धरले आणि म्हणाली, "बगा बाई. ह्याला रोजच हळद लागायलीय. नवरी तेवढी कुठं दिसंना." सर भिंतीकडं बघत उभे. मी हसू आवरायला गेले आणि जोरातच हसले.

पिंगळी त्यांचं गाव. वडील रेल्वेत गँगमन होते. छप्पन्न साली घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा सर शाळकरी वयाचे. पिंगळीहून सकाळच्या पॅसेंजरनं यायचे, संध्याकाळच्या पॅसेंजरनं जायचे, आणि गाडीला उशीर झाला तर रुळाच्या कडेनं चालत सुटायचे. आमच्या स्टाफरूममध्ये पाण्याचे पेले दोन ठिकाणी ठेवलेले असायचे. असं कुणी तोंडानं कबूल केलं नसतं, पण असायचे. सरांनी एक दिवस घरून आपला जर्मनचा पेला आणला. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी फार प्रेमानं विचारलं, "खिल्लारे, स्वतःचा पेला कशाला आणलात हो?" सर म्हणाले, "सर, ह्या पेल्यात कोणता धातू किती मिसळलाय ते इथं कुणाला ठाऊक न्हाई. पण पेल्याला कोण शिवलं ते मात्र समद्यांला ठाऊक असतंय. म्हणलं, आपलं शास्त्र जरा कच्चं हाय." आणि हसले. त्यांचं ते हसणं वाईट होतं, समोरच्याला रागावताच यायचं नाही. पुढच्या आठवड्यात सगळे पेले एका ताटात आले. सरांनी मात्र आपला पेला सोडला नाही. त्याची टिचकी म्हणे चांगली वाजत होती.

आता त्यांचा अभ्यास काय होता ते सांगते. मला त्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. निव्वळ अल्युमिनियम मऊ असतं. त्यात थोडं तांबं घालायचं आणि भट्टीत, वितळणार नाही इतपतच, चांगलं तापवायचं. तांबं आत विरघळून जातं. मग तो तुकडा झटकन गार पाण्यात टाकायचा, म्हणजे तांब्याला बाहेर पडायला सवडच मिळत नाही, ते आतच अडकतं. आणि मग गंमत सुरू होते. तुकडा नुसता ठेवून दिला तरी आतले तांब्याचे अणू हळूहळू एकमेकांना धरून बसायला लागतात, त्यांचे बारीक बारीक पापुद्रे होतात, आणि मऊ धातू कडक व्हायला लागतो. विमानाचे पत्रे असेच होतात. याला इंग्रजीत भारदस्त नावं आहेत. सर त्याला 'मुरणं' म्हणायचे.

"लोणच्यावाणी हाय बगा, बाई. घातल्या घातल्या कच्चं. मुरलं की झकास. आन् लय मुरलं की पुन्हा मऊ."

"लोणचं मऊ पडतं ते मला ठाऊक आहे," मी म्हणायची, "धातू कशानं मऊ पडतो?"

"शनिवारच्या बाजारात जागोजाग चार-चार माणसं बोलत हुबी असली तर सायकल काढता येती का? न्हाई येत. तीच समदी एका कोपऱ्यात डोंबाऱ्याचा खेळ बघाया गोळा झाली तर? रस्ता मोकळा. तसंच हाय. कण बारीक आन् दाट पायजेत. मोठे होऊन विरळ झाले की संपलं."

हे मी पुढं अनेक वर्षं माझ्या वर्गात माझंच म्हणून सांगितलं, आणि पोरांना ते पटायचं.

मुरणं हा शब्द त्यांनी मग सगळ्यालाच लावला. नवा शिपाई चुकला, तर "मुरू द्या त्याला." प्राचार्यांनी रजेचा अर्ज दाबून ठेवला, तर "मुरायलाय." माझं आणि आमच्या यांचं एकदा घरी भांडण झालं, मी लॅबमध्ये तोंड पाडून बसले होते. सर दारातून डोकावले, माझ्याकडं बघितलं, नायट्रिकसुद्धा मागितलं नाही. "मुरंल," एवढं म्हणून गेले. मला इतका राग आला म्हणता! पण मुरलं.

तापवलेला तुकडा पाण्यात टाकायचा तो क्षण म्हणजे त्यांच्या अंगात यायचं. भट्टीचं दार उघडून चिमटा बाहेर येईपर्यंत मध्ये कुणी येता कामा नये. एका सेकंदाचा उशीर झाला तरी तांबं निसटायला लागतं. "सरका!" अशी आरोळी आली की फिजिक्सचीच नाही, आमची केमिस्ट्रीची पोरंही भिंतीला चिकटायची. एकदा नेमके त्याच वेळी प्राचार्य पाहणीला आले आणि बादलीपाशी जाऊन उभे राहिले. सरांनी त्यांना खांद्यानं ढकललं. चांगलं ढकललं. तुकडा बादलीत चर्र झाला, निम्मं पाणी प्राचार्यांच्या धोतरावर. ते थरथरत म्हणाले, "खिल्लारे! हे काय?" सर बादलीत डोकं घालून, वर न बघता म्हणाले, "माफ करा, सर. तांबं पळून गेलं असतं." प्राचार्य आमच्या लॅबमध्ये धोतर वाळवत बसले आणि मला विचारत राहिले, "कुणाचं तांबं हो, बाई? चोरीबिरी आहे का काही?"

हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रॉनचा सूक्ष्मदर्शक लागतो. प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन सोडायचे आणि ते आरपार गेले की फोटो घ्यायचा. आता परभणीत ते यंत्र कुठून येणार? आमच्याकडं वीज आली तर आम्ही एकमेकांना सांगत होतो. ते यंत्र होतं हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत, आणि सरांच्या गाईडच्या ओळखीनं तिथं सुट्टीत दोन-चार दिवस मिळायचे. तेही तिथले साहेब खुशीत असतील तर.

इलेक्ट्रॉन आरपार जायचे तर धातू पातळ हवा. कांद्याच्या पापुद्र्याहूनही किती तरी पातळ. त्यासाठी चकती ॲसिडात धरून, वीज सोडून झिजवत न्यायची, इतकी की मध्ये एक बारीक भोक पडलं पाहिजे. भोक पडलं रे पडलं की बाहेर काढायची. बघायचं ते त्या भोकाच्या काठावर. एका पावसाळ्यात त्यांना कॉलेजातच, म्हणजे माझ्या नायट्रिकवर, हे जमेना. चकत्या एक तर जाड राहायच्या नाही तर सगळ्याच विरघळून जायच्या. आणि एक दिवस ते दार उघडून ओरडत आले, "बाई! भोक पडलं!" मागोमाग पेढ्यांचा पुडा. जर्मनच्या भांड्याला भोक पडलं तर आमच्या घरात रडारड व्हायची. भोक पडलं म्हणून पेढे वाटणारा हा एकच माणूस मी पाहिला.

या सगळ्याच्या शेवटी पीएच.डी. होती. सरांना डॉक्टर व्हायचं होतं. पिंगळीत, त्यांच्या घरात, त्यांच्या समाजात तिथवर कुणी गेलेलं नव्हतं. नोंदणी झालेली होती, तिची मुदत ठरलेली होती, आणि मुदत कुणासाठी मुरत बसत नाही. हे मी त्यांना ऐकवायची. ते हसायचे.

मधल्या काळात गयाबाईनं लेकाचं लग्न जमवायला घेतलं. मुलगी देवगाव फाट्याच्या पलीकडच्या एका गावची, कुसुम नावाची, तिथल्याच शाळेत मास्तरीण. मला गयाबाईचा निरोप आला, "बाई, तुमी चला. हा तिथं काय बी बोलंल." माझी ख्याती तेव्हा समजूतदार म्हणून होती. आम्ही एसटीनं फाट्यावर उतरलो, पुढं ढेकळांतून चालत गेलो. मध्यस्थ मामांनी आधीच बातमी पोचवली होती की मुलगा जर्मनचा अभ्यास करायलाय आणि जर्मनमध्ये डॉक्टर व्हायचाय.

पोहे झाले. मुलीचे वडील गंभीर. म्हणाले, "जर्मनमधी अजून किती साल लागतील?"

सर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "दोन-तीन तर लागतीलच. लवकर आटपंना बगा."

"तिथं थंडी लय असंल?"

"थंडी?" सरांना नवल वाटलं. "न्हाई हो. पाचशे अंशाच्या वर तापवावं लागतंय."

वडिलांनी मामांकडं पाहिलं. मामांनी छपराकडं. माझ्या लक्षात यायला लागलं होतं, पण खोटं कशाला बोलू, मला पुढचं ऐकायचं होतं.

"मग आमच्या पोरीला संगं न्यायची का हितंच ठिवायची?"

"त्यांची मर्जी. त्यांना बगायचं असंल तर चला म्हणंन की. पण तिथं अंधाऱ्या खोलीत बसावं लागतंय तासन् तास."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि मुलगीच बाहेर आली. पदर नीट, डोळे लाल. "बाबा, मी न्हाई जायची जर्मनला. माझी शाळा हाय. अंधाऱ्या खोलीत बसाया मी काय गुन्हा केलाय?"

सर उठलेच. "कोन जायलंय जर्मनला?" असं म्हणून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, चुलीपासलं पातेलं उचललं आणि टिचकी मारली. "हे जर्मन, हे! ह्याचा अभ्यास!" मग कुसुमला हसू आलं, आणि ते थांबेना. ती पदर तोंडाला लावून ओसरीच्या खांबाला टेकली. "एवढ्या पातेल्यापायी हैदराबाद?" एवढंच ती कशीबशी म्हणाली. जर्मनी नाही म्हटल्यावर मुलीचा होकार आला, असं स्थळ मराठवाड्यात दुसरं झालं नसेल. लग्नात आम्ही कॉलेजकडून आहेर काय दिला असेल? जर्मनचं पातेलं. वंदना झाली, फुलं पडली, आणि नवरदेव मांडवातच टिचकी मारायला लागले तेव्हा कुसुमनं ते पातेलं त्यांच्या हातातून काढून घेतलं.

आता त्या मे महिन्याकडं येते. नोंदणीची मुदत त्या वर्षीच संपत होती. प्रबंध लिहून झाला होता, फक्त एक गोष्ट राहिली होती, मुरण्याची सुरुवात. तुकडा पाण्यात टाकल्यावर पहिले कण कधी आणि कसे धरतात, त्याचे फोटो. आणि ही सुरुवात बघायची तर अडचण अशी की तुकडा साध्या हवेतही मुरायला लागतो. परभणीचा मे! सावलीतसुद्धा मुरायला वेळ लागायचा नाही. हैदराबादच्या प्रयोगशाळेत भट्टी त्यांना मिळत नव्हती. म्हणून तुकडे परभणीत तयार करायचे, बर्फात घालून हैदराबादला न्यायचे, तिथं गेल्यावरच तेलात गरम करून मोजून मुरवायचे. बर्फात असेस्तोवर घड्याळ थांबलेलं. बर्फ संपला की घड्याळ सुरू.

योगायोगानं मी आणि हे त्याच गाडीनं हैदराबादला नणंदेकडं निघालो होतो. दिवसाची गाडी. सर आमच्या डब्यात, मांडीवर मोठा थर्मास, त्यावर ओला पंचा, आणि चेहरा असा की जणू आत कुणाचे प्राण आहेत. पूर्णेला एक गलेलठ्ठ व्यापारी चढला. त्याला थर्मासमध्ये बर्फ आहे हे कळलं आणि त्यानं सरबतासाठी तुकडा मागितला. सरांनी त्याला मुरण्याचं सगळं शास्त्र ऐकवलं. बिचारा घामानं निथळत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या हो, तहानच मेली."

नांदेड सुटलं. पलीकडच्या बाकड्यावर एक बाई होती, निजामाबादेकडं कामाला निघालेली, मांडीवर लेकरू. लेकराला सकाळपासनं ताप होता म्हणे. दुपारी डबा भट्टीसारखा तापला आणि लेकरानं डोळे फिरवले. अंग चटका बसेल इतकं गरम. बाईनं हंबरडा फोडला. कुणी पदरानं वारा घालतंय, कुणी सुरईतलं पाणी शिंपडतंय, पण पाणीच कोमट. आणि हळूहळू डब्यातली सगळी माणसं खिल्लारे सरांकडं बघायला लागली. बर्फ कुणाकडं आहे हे सगळ्या डब्याला त्यांनीच तासभर सांगितलं होतं.

सर आधीच झाकण फिरवायला लागले होते, आणि पुटपुटत होते. "आजच व्हायचं होतं... ह्या गाडीतच बसायचं होतं... मुदत संपायलीय माझी..." असं म्हणत म्हणत बर्फ पंच्यात ओतला, लेकराच्या कपाळावर, मानेखाली, काखेत लावला. थोडा संपला की पुन्हा. मी म्हणाले, "सर, थोडा राहू द्या तुम्हांला." ते माझ्यावर खेकसले, "थोड्यानं काय होतंय, बाई? अर्धा मुरलेला काय अन् पुरा मुरलेला काय!" लेकरू आणि धातू दोन्हींची त्यांच्या डोक्यात गल्लत झाली होती की काय कोण जाणे. तळाचं गार पाणीसुद्धा पंच्यावर ओतलं. तुकडे त्यांनी रुमालात बांधून सुरईच्या पाण्यात सोडले आणि सुरई खिडकीत वाऱ्याला धरून बसले. त्याचा उपयोग नव्हता हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

लेकरू वाचलं. निजामाबाद येईस्तोवर ते उठून बसलं आणि व्यापाऱ्यानं दिलेलं बिस्कीट चोखायला लागलं. स्टेशनवर बर्फवाला काही दिसला नाही. सर प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळून आले. ती बाई उतरताना त्यांच्या पाया पडायला वाकली. सर मागं सरकले. तिनं विचारलं, "साहेब, तुमी डॉक्टर हाव का?"

"न्हाई, मावशी," सर म्हणाले. "अजून न्हाई."

पुढचं मला जूनमध्ये कळलं, कॉलेज उघडल्यावर. सर दारातून आले आणि माझ्या टेबलावर फोटो ठेवले. मी यातली जाणकार नाही, पण असे फोटो त्यांनी आधी कधी दाखवले नव्हते. करड्या जमिनीवर बारीक काळ्या रेघा, निम्म्या आडव्या, निम्म्या उभ्या, एकमेकींना काटकोनात. गोधडीचे टाके असावेत तसे. मी म्हटलं, "अहो सर, किती सुरेख! मग झालं की काम!"

"न्हाई झालं."

"का?"

"हे किती मुरलेत ते मला ठाऊक न्हाई. बर्फ कुठं संपला, डबा किती तापला, सुरईत काय झालं, कोन सांगणार? प्रबंधात लिहावं लागतंय, इतका वेळ, इतकं तापमान. काय लिहू? पुन्हा जावं तर यंत्र सुट्टीतच मिळतंय, तवर मुदत सरंल. गाईडसाहेब म्हणले, लिहून टाक बर्फातच होते म्हणून. फोटो तर तुझेच हाईत. गाडीत कोन बगाया आलं होतं?"

"बरोबरच म्हणतात ते!" माझा पारा चढला. "सर, तुम्हांला वेड लागलंय का? फोटो खरे, कण खरे, मेहनत खरी. दोन आकडे लिहायचे आणि मोकळं व्हायचं. निम्म्या जगाचे प्रबंध कसे होतात ते काय मला माहीत नाही? मुदत संपली तर पुन्हा नोंदणी नाही, यंत्र नाही. इतकी वर्षं पाण्यात जातील, त्याचं काय?"

मी बरीच बोलले. माझा आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत गेला असणार. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, लोणचं कधी घातलं तेच ठाऊक नसंल, तर कधी मुरलं ते कसं सांगणार?"

"लोणचं घाला खड्ड्यात!"

ते हसले. पण त्या दिवशी पहिल्यांदा ते हसणं पूर्ण झालं नाही. म्हणाले, "तुमचा आकडा चुकला तर लोक म्हणतेत, आकडा चुकला. माझा चुकला तर म्हणतील, बगा, ह्यांचं असंच असतंय, सवलतीवर आलेत. माझ्या मागून पिंगळीहून कुणी येईल, त्याला दारातच हे ऐकावं लागंल. आन् ते बी सोडा. कण कधी धरतेत हेच बगायला मी इतकी सालं गेलो. तेच खोटं लिहायचं तर गेलो कशाला?"

मला त्या माणसाचा राग येत होता आणि त्याच्याइतका भला माणूस मी पाहिला नव्हता, दोन्ही एकदम. मी मुकाट्यानं कपाट उघडलं आणि न मागता नायट्रिकची बाटली पुढं केली. ते म्हणाले, "आज नको."

मुदत संपली. नोंदणी गेली, गाईडनी हात झटकले, हैदराबादचे साहेब बदलून गेले. स्टाफरूममध्ये चार दिवस हळहळ झाली आणि दोन-तीन जणांना आतून बरंही वाटलं असावं. गयाबाई शेजारणीला सांगायची, "डॉक्टर होता होता ऱ्हायला, एका लेकरापायी." त्यात तक्रार होती की अभिमान, मला कधी कळलं नाही. कुसुमनं मात्र एकदाच विचारलं म्हणे, "ते लेकरू जगलं का पण?" जगलं म्हटल्यावर तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. सर शिकवत राहिले, पातेल्यांना टिचक्या मारत राहिले. 'खिल्लारे सर' म्हणणारे कमी आणि 'जर्मनचे सर' म्हणणारे जास्त झाले. पोरं चिडवायला म्हणायची, सर ओ देत.

मग आमच्या यांची बदली औरंगाबादला झाली आणि आम्ही परभणी सोडली. मे महिनाच होता. सामान आधीच गेलं होतं, आम्ही गाडीची वाट बघत स्टेशनवर बसलो होतो. पलीकडच्या फलाटावर हैदराबादकडं जाणारी गाडी लागलेली. आणि बघते तर सर! तोच पांढरा बुशशर्ट, शेजारी कुसुम, तिच्या कडेवर मुलगी. मी पूल ओलांडून धावत गेले.

"सर, कुठं?"

"हैदराबाद." जणू बाजारात निघाले होते. "तिथं नवीन साहेब आलेत. त्यांना लिहिलं होतं. म्हणले, या, सुट्टीत यंत्र रिकामंच असतंय."

"पण आता पदवी तर मिळायची नाही, सर. मग कशाला?"

"पदवीची मुदत संपली, बाई. ते मुरायचं थोडंच थांबलंय? किती वेळात मुरतंय ते कळाया नको?"

मी खाली बघितलं तर त्यांच्या पायाशी थर्मास. एक नाही, दोन. तेवढेच मोठे, दोन्हींवर ओले पंचे. मी विचारलं, "दोन कशाला? तुकडे जास्त आहेत का?"

सरांनी कुसुमकडं बघितलं. ती म्हणाली, "एकात ह्यांचं जर्मन हाय. दुसरा नुसता बर्फाचा. गाडीत कुणाचं लेकरू तापलं तर लागंल म्हणून मीच भरायला लावला."

गाडीनं शिट्टी दिली. "लय जड होतंय हो, बाई," सर कुरकुरले, आणि एक या खांद्याला, एक त्या खांद्याला अडकवून, तिरपे होत डब्यात चढले.